अमेरिकी सिटकॉममधले गैरहजर वडील

'द फ्रेश प्रिन्स ऑफ बेल-एअर' या मालिकेतील एक दृश्य तुमच्यापैकी बहुतेकांनी रील्सवर पाहिले असेल. चौदा वर्षांपूर्वी घर सोडून गेलेले वडील अचानक परत येतात, मुलाला आपल्याबरोबर प्रवासाला नेण्याचे कबूल करतात आणि ऐनवेळी पुन्हा निघून जातात. विल आधी हसून विषय टाळतो, मग चिडतो, मग मावशीच्या यजमानांच्या, म्हणजे फिलकाकांच्या मिठीत कोसळतो. या दृश्याखाली हमखास एक टिप्पणी सापडते: विल स्मिथला त्याच्या खऱ्या वडिलांनी लहानपणीच टाकले होते, म्हणून ते शब्द संहितेत नसताना त्याच्या तोंडून बाहेर पडले.

विल स्मिथचे वडील त्याला टाकून गेले नव्हते. फिलाडेल्फियात त्यांचा शीतयंत्रांचा व्यवसाय होता आणि मुलाच्या वाढीत त्यांचा हात चांगलाच ठळक होता. तरीही ही अफवा तीस वर्षे टिकून आहे. अभिनेत्याने केवळ अभिनय केला, यावर प्रेक्षकांचा विश्वास बसत नाही. असे का व्हावे, हा माझ्या दृष्टीने इतिहासाचा प्रश्न आहे आणि आजचा थ्रेड त्यावर आहे. थोडा लांब आहे, सवडीने वाचा.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकते. अमेरिकी सिटकॉममध्ये वडील नसलेली घरे पहिल्यापासून होती. बदलत गेले ते वडील नसण्याचे कारण. आणि ते कारण कथेच्या गरजेतून फार क्वचित ठरले. वाहिनीचे अधिकारी, जाहिरातदारांची भीती, नटांचे करार आणि देशातले राजकारण यांच्या ओढाताणीतून ते ठरत गेले. म्हणून 'या घरातले वडील कुठे आहेत?' हा प्रश्न प्रत्येक मालिकेला विचारला, तर त्या वर्षी अमेरिकेत काय बोलता येत होते आणि काय नाही, याची बरीच चांगली नोंद हाती लागते.

सुरुवात मात्र वडिलांपासून नव्हे, आईच्या गैरहजेरीपासून करावी लागते. १९६० साली 'द अँडी ग्रिफिथ शो' आणि 'माय थ्री सन्स' या दोन मालिका सुरू झाल्या. पहिलीत लहान गावचा शेरीफ एकटा मुलगा वाढवतो, दुसरीत एक अभियंता तीन मुलगे. दोघेही विधुर. १९६९ मधील 'द कोर्टशिप ऑफ एडीज फादर'चा नायकही विधुर. ही साथच होती म्हणा ना. यांतली आई कशाने गेली, कधी गेली, याचा उल्लेख जेमतेम असे. घर मात्र नीट चाले, कारण अँडीकडे बी आत्या असे, तीन मुलग्यांच्या घरी स्वयंपाकाला आजोबा आणि एडीच्या घरी मोलकरीण. विधुर बापाला पडद्यावर नेहमी मदतनीस मिळत आला आहे. विधवा आईला तो इतक्या सहज मिळालेला दिसत नाही.

मृत्यू सोयीचा होता. मृत्यूत कुणाचा दोष नसतो. मेलेला जोडीदार दर आठवड्याच्या अर्ध्या तासात परत येऊन पोटगीचा वाद घालत नाही, आणि साबणाच्या जाहिरातदाराला आक्षेपार्ह वाटेल असे काही शिल्लक राहत नाही. घटस्फोटाचे तसे नव्हते. १९६२ च्या 'द लूसी शो'मध्ये ल्युसिल बॉल हिची नायिका विधवा होती. तिच्याच घरात मुलासह राहणारी मैत्रीण व्हिव्हियन मात्र घटस्फोटिता होती. अमेरिकी मुख्य वेळेतील मालिकांमधली पहिली ठळक घटस्फोटिता म्हणून तिचे नाव घेतले जाते. पण बारकाईने पाहा: घटस्फोटाला जागा मिळाली ती नायिकेच्या शेजारी, नायिकेच्या वाट्याला ती आली नाही.

१९६९ मध्ये 'द ब्रेडी बंच' आली. तीन मुलींची आई आणि तीन मुलग्यांचा बाप लग्न करून एकत्र संसार थाटतात. बाप विधुर आहे हे स्पष्ट सांगितलेले. आईच्या पहिल्या नवऱ्याचे काय झाले? मालिका पाच हंगाम चालली आणि हे कधीच सांगितले गेले नाही. निर्माते शेरवूड श्वार्ट्झ यांच्या मनात ती घटस्फोटिता होती. वाहिनीला ते नको होते. तडजोड म्हणून मौन आले. ज्या घरात सहा मुले, एक कुत्रा आणि एक मोलकरीण यांचे बारीकसारीक तपशील आहेत, तिथे तीन मुलींचा जन्मदाता असा नाहीसा होतो की जणू तो नव्हताच. मला हे मौन कुठल्याही संवादापेक्षा जास्त बोलके वाटते.

पुढच्याच वर्षी 'द मेरी टायलर मूर शो'च्या लेखकांनी आपली नायिका घटस्फोटिता ठेवण्याचा प्रस्ताव मांडला. ती आई नव्हती, एकटीच होती. तरीही सीबीएस वाहिनीने नकार दिला. लग्न मोडल्याऐवजी साखरपुडा मोडल्याचे ठरले. एक काळजी अशीही होती की मेरी टायलर मूर आधीच्या मालिकेत डिक व्हॅन डाइक यांची पत्नी झालेली असल्याने प्रेक्षक समजतील, तिने त्यांनाच सोडले! ज्या वर्षी ही चर्चा चालू होती, त्याच वर्षाच्या १ जानेवारीला कॅलिफोर्नियात, म्हणजे जिथे या मालिका तयार होत त्याच राज्यात, दोष सिद्ध न करता घटस्फोट देणारा कायदा अमलात आला होता. त्यावर सही करणारे गव्हर्नर होते रोनाल्ड रेगन, स्वतः घटस्फोटित आणि एकेकाळचे नट.

आतापर्यंतची सगळी घरे गोरी होती. इथून पुढे गोष्ट गुंतागुंतीची होते.

मार्च १९६५ मध्ये श्रम खात्यातील एक अधिकारी, डॅनियल पॅट्रिक मॉयनिहान, यांनी कृष्णवर्णीय कुटुंबांवर एक अहवाल लिहिला. गुलामगिरी, बेकारी आणि शहरी दारिद्र्य यांनी ही कुटुंबे मोडली आहेत, असे त्यांचे निदान होते. पण अहवालातून लोकांनी जे उचलले ते वेगळे होते: जवळपास एक चतुर्थांश कृष्णवर्णीय मुले विवाहबाह्य जन्मतात, घरात आईचे राज्य आहे, आणि म्हणून समाज खचतो आहे. बेकारी मागे पडली, आई पुढे आली. (मॉयनिहान स्वतः दहा वर्षांचे असताना त्यांचे वडील घर सोडून गेले होते आणि आईने त्यांना न्यूयॉर्कमध्ये वाढवले होते. अहवाल वाचताना हे लक्षात असलेले बरे.)

या पार्श्वभूमीवर १७ सप्टेंबर १९६८ रोजी एनबीसी वाहिनीवर 'ज्युलिया' सुरू झाली. मोलकरीण नसलेली, शिकलेली, परिचारिकेची नोकरी करणारी कृष्णवर्णीय स्त्री प्रथमच एका सिटकॉमच्या केंद्रस्थानी होती. भूमिकेत डायअ‍ॅन कॅरोल. ज्युलिया बेकर लॉस एंजेलिसमधील देखण्या फ्लॅटमध्ये कोरी या लहान मुलासह राहते. वडील कुठे आहेत? व्हिएतनाममध्ये विमान पाडले गेले आणि ते वीरगतीला प्राप्त झाले. यापेक्षा निर्दोष गैरहजेरी त्या काळी शोधून सापडली नसती. नवऱ्याने सोडले नाही, तिने सोडले नाही, लग्न झालेच नव्हते असेही नाही. बाप देशासाठी मेला.

मालिका पहिल्याच हंगामात लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या दहांत गेली. ज्युलियाची बाहुलीही बाजारात आली. टीका दोन्ही बाजूंनी झाली. ज्या वर्षी मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली आणि शंभराहून अधिक शहरांत दंगली उसळल्या, त्या वर्षी हा चकचकीत फ्लॅट कुणाचा, असे काहींनी विचारले. कृष्णवर्णीय समीक्षकांचा आक्षेप अधिक टोकदार होता: मोठ्या कष्टाने एक कृष्णवर्णीय कुटुंब पडद्यावर आणता आणि त्यातही बाप नाही? मॉयनिहान अहवालानंतर हा प्रश्न साधा राहिला नव्हता. आणखी एक गोष्ट सहसा निसटते. ज्युलियाला विधवा केले गेले, पण तिची भूमिका करणाऱ्या कॅरोल स्वतः तेव्हा घटस्फोटिता होत्या आणि एका लहान मुलीच्या आई होत्या. पडद्यावर त्यांना स्वतःचे आयुष्य जगायची मुभा नव्हती.

'ज्युलिया' सुरू होण्याच्या तीन महिने आधी, १७ जून १९६८ रोजी, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'किंग विरुद्ध स्मिथ' हा निकाल दिला. त्यातील स्त्रीही कृष्णवर्णीय होती आणि तीही विधवा होती. अलाबामातील सेल्मा गावची, चार मुलांची आई, पहाटे साडेतीनपासून दुपारपर्यंत उपाहारगृहात राबून आठवड्याला १६ ते २० डॉलर मिळवणारी. तिला मुलांसाठी मिळणारे सरकारी साहाय्य बंद करण्यात आले, कारण आठवड्याच्या शेवटी एक पुरुष तिच्याकडे येत असे. तो मुलांचा बाप नव्हता, त्यांना पोसण्याची कायदेशीर जबाबदारी त्याच्यावर नव्हती. तरी अलाबामाच्या नियमानुसार तो 'पर्यायी पिता' ठरला. न्यायालयाने एकमताने तो नियम रद्द केला. तोवर त्याच्या अमलात सुमारे १६ हजार मुले त्या राज्याच्या साहाय्य यादीतून कमी झाली होती.

हे 'पर्यायी पिता' प्रकरण नीट समजून घ्या, कारण पुढच्या सगळ्या वादाची मेख इथे आहे. अमेरिकेत गरीब मुलांसाठीची मदत मुख्यतः अशा घरांना मिळे, जिथे बाप मेलेला, अपंग किंवा परागंदा आहे. म्हणजे धडधाकट पण बेकार बाप घरात राहिला तर अनेक राज्यांत मुलांचे पैसे बंद. तपासनीस रात्री-अपरात्री घरी येत, कपाटात पुरुषाचे कपडे आहेत का, पलंगाखाली कुणी दडले आहे का, ते पाहत. एका हाताने सरकार बापाला घराबाहेर काढत होते आणि दुसऱ्या हाताने बाप घरात का नाही यावर अहवाल लिहीत होते.

टीव्हीवर हे तेव्हा दाखवता आले नाही. चित्रपटात आले, आणि गंमत पाहा, ते दाखवले ज्युलियानेच. १९७४ च्या 'क्लॉडीन' या विनोदी अंगाच्या चित्रपटात डायअ‍ॅन कॅरोल हार्लेममधील सहा मुलांची आई झाल्या. चोरून मोलकरणीचे काम करणारी, तपासनीस येणार म्हटल्यावर घरातली उपकरणे आणि प्रियकर दोन्ही लपवणारी. त्या भूमिकेसाठी त्यांना ऑस्करचे नामांकन मिळाले. 'ज्युलिया' आणि 'क्लॉडीन' लागोपाठ पाहिल्यास एकाच नटीच्या चेहऱ्यावर टीव्हीने काय गाळले ते लख्ख दिसते.

त्याच १९७४ साली सीबीएसवर 'गुड टाइम्स' आली, आणि इथे वडिलांसाठी चक्क लढाई झाली. शिकागोतील सरकारी गृहसंकुलात राहणारे गरीब कृष्णवर्णीय कुटुंब. आईच्या भूमिकेसाठी एस्थर रोल यांची निवड झाली होती. मूळ कल्पनेत त्या तीन मुलांना एकट्याने वाढवणाऱ्या आई होत्या. रोल यांनी अट घातली: घरात नवरा असला पाहिजे, मुलांना बाप असला पाहिजे, नाहीतर मी ही भूमिका करणार नाही. निर्माते नॉर्मन लिअर यांना ती मान्य करावी लागली आणि जेम्स इव्हान्स हे पात्र जन्माला आले. भूमिका केली जॉन एमॉस यांनी. दोन-दोन नोकऱ्या करणारा, पुन्हापुन्हा कामावरून काढला जाणारा, चिडका, मायाळू आणि मुख्य म्हणजे घरी परत येणारा बाप. तोवर असा कृष्णवर्णीय बाप सिटकॉमने पाहिला नव्हता.

तो तीन हंगाम टिकला. थोरला मुलगा जे. जे. याच्या विदूषकी चाळ्यांवर संहिता अधिकाधिक रेलू लागली, तशी एमॉस यांची नाराजी वाढली. ते लेखकांशी भांडत. धाकटी दोन हुशार मुले मागे पडताहेत, हे त्यांचे म्हणणे होते. १९७६ मध्ये त्यांना काढण्यात आले. सप्टेंबरमध्ये चौथा हंगाम सुरू झाला तेव्हा कुटुंब मिसिसिपीला जायची बांधाबांध करत होते, कारण जेम्सला तिकडे काम लागले होते. निरोपाच्या मेजवानीत तार येते: मोटार अपघातात जेम्स गेला.

एका नटाने करारासाठी जिंकून आणलेला बाप दुसऱ्या नटाचा करार संपल्यावर मारला गेला. पुढच्या हंगामात रोलही बाहेर पडल्या, आणि काही काळ मालिकेत आईही नाही, बापही नाही, फक्त मुले आणि शेजारीण विलोना. ही विलोना घटस्फोटिता. तिने पेनी नावाची एक छळ सोसलेली मुलगी दत्तक घेतली, म्हणजे एकल माता होण्याची निवड स्वतः केली. पेनीच्या भूमिकेत होती लहानगी जॅनेट जॅक्सन. रोल शेवटच्या हंगामात परतल्या. जेम्स अर्थातच परतू शकला नाही.

गोऱ्या मध्यमवर्गाची गोष्ट याच काळात वेगळ्या वाटेने चालली होती. १९७५ मध्ये अमेरिकेतील वार्षिक घटस्फोटांनी प्रथमच दहा लाखांचा आकडा ओलांडला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात लिअर यांची 'वन डे अ‍ॅट अ टाइम' सुरू झाली. अ‍ॅन रोमानो, वय चौतिशीच्या आसपास, सतरा वर्षांचे लग्न सोडून दोन किशोरवयीन मुलींना घेऊन इंडियानापोलिसच्या एका फ्लॅटमध्ये येते. ती माहेरचे आडनाव पुन्हा लावते, मुलींचे आडनाव वडिलांचेच राहते. ही कल्पना मांडणाऱ्या व्हिटनी ब्लेक यांनी स्वतः एकट्याने मुले वाढवली होती, आणि ते मालिकेत जाणवते. सिटकॉममध्ये प्रथमच घर भाड्याचे, पैसे मोजके आणि वडील जिवंत. एड कूपर अधूनमधून दारात येतो. तो खलनायक नाही, पैसे वेळेवर पोचतीलच असेही नाही. मुली त्याच्यावर प्रेम करतात आणि आईला ते गिळावे लागते. मला विचाराल तर या मालिकेचे मोठेपण अ‍ॅनच्या स्वावलंबनाइतकेच एडच्या सामान्यपणात आहे.

त्याच वर्षाच्या सुरुवातीला राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी परागंदा वडिलांकडून मुलांच्या निर्वाहाचे पैसे वसूल करण्यासाठी केंद्रीय यंत्रणा उभारणाऱ्या कायद्यावर सही केली होती. म्हणजे एडसारखे वडील आता सरकारच्या खातेवहीतही आले होते. पुढे 'अ‍ॅलिस' (१९७६), 'केट अँड अ‍ॅली' (१९८४) आल्या. त्यांवर थांबत नाही, कारण १९९२ कडे जायचे आहे.

'मर्फी ब्राउन' ही सीबीएसची मालिका १९८८ पासून चालू होती. कॅन्डिस बर्गन यांनी रंगवलेली मर्फी ही चाळिशी ओलांडलेली, प्रसिद्ध, श्रीमंत, तिखट जिभेची टीव्ही पत्रकार. तिला दिवस जातात. मुलाचा बाप तिचाच पूर्वीचा नवरा, चळवळ्या जेक. आपले फिरस्ते आयुष्य सोडून संसार करणे त्याला जमणारे नसते, तो निघून जातो. मर्फी मूल ठेवायचे ठरवते. १८ मे १९९२ रोजी प्रसारित झालेल्या भागात तिने मुलाला जन्म दिला. बाप मेला नव्हता, घटस्फोट नुकताच झाला नव्हता. त्याला यायचे नव्हते आणि आईला त्याच्याविना चालणार होते.

दुसऱ्याच दिवशी, १९ मे रोजी, उपराष्ट्राध्यक्ष डॅन क्वेल सॅन फ्रान्सिस्कोत भाषणाला उभे राहिले. विषय लॉस एंजेलिसची दंगल. रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला बेदम मारणारे पोलीस निर्दोष सुटल्यावर एप्रिलच्या अखेरीस ती उसळली होती आणि तीत पन्नासहून अधिक माणसे गेली होती. क्वेल यांचे निदान असे: दंगलीच्या मुळाशी कुटुंबव्यवस्थेचा आणि मूल्यांचा ऱ्हास आहे. त्या लांबलचक भाषणात एका वाक्यात त्यांनी मर्फी ब्राउनचा उल्लेख केला. बुद्धिमान, भरपूर पगाराची नायिका बापाचे महत्त्व नाकारून एकटीने मूल जन्माला घालते आणि त्याला जीवनशैलीची एक निवड म्हणते, अशी तक्रार.

त्या एका वाक्याने उरलेले भाषण गिळून टाकले. वृत्तपत्रांचे मथळे, रात्रीच्या गप्पांचे कार्यक्रम, खुद्द व्हाइट हाउसच्या प्रवक्त्यांची तारांबळ: मर्फीला दोष द्यावा तर तिने गर्भपात केला नाही हे क्वेल यांच्याच पक्षाला आवडायला हवे होते. मालिकेच्या निर्मात्या डायॅन इंग्लिश यांनी नेमके तिथेच बोट ठेवले. अविवाहित स्त्रीने मूल जन्माला घालणे उपराष्ट्राध्यक्षांना लांच्छनास्पद वाटत असेल, तर गर्भपात सुरक्षित आणि कायदेशीर राहील याची काळजी त्यांनी घ्यावी, असे त्या म्हणाल्या. जूनमध्ये क्वेल यांनी एका शाळेत विद्यार्थ्याला 'पोटॅटो'चे स्पेलिंग चुकीचे सुधारायला लावले. सप्टेंबरच्या पहिल्या भागात मालिकेने त्यांच्या भाषणाची खरी चित्रफीत दाखवून उत्तर दिले आणि शेवटी त्यांच्या दाराशी बटाट्यांचा ढीग ओतला. चार कोटींहून अधिक लोकांनी तो भाग पाहिला. क्वेल यांनी मर्फीच्या काल्पनिक बाळासाठी खेळण्यातला हत्ती पाठवला. हत्ती त्यांच्या पक्षाचे चिन्ह.

हा किस्सा नेहमी उदारमतवाद्यांचा विजय म्हणून सांगितला जातो. मला तो तसा वाटत नाही. क्वेल यांच्या भाषणातील आरोपी मर्फी नव्हती. लॉस एंजेलिसच्या दक्षिण भागातील गरीब, कृष्णवर्णीय आणि लॅटिनो आया होत्या. पोलिसी अत्याचाराने आणि निकालाने पेटलेल्या दंगलीचे उत्तरदायित्व त्यांच्या बापाविना चालणाऱ्या घरांवर टाकले गेले होते. पण पुढचे चार महिने साऱ्या देशाने वाद घातला तो एका श्रीमंत, गोऱ्या आणि अस्तित्वातच नसलेल्या स्त्रीविषयी. तिचा बचाव करणे सोपे होते. तिच्याकडे पैसा होता, वॉशिंग्टनमध्ये घर होते, आणि बाळाला सांभाळायला एल्डिन होता, तिच्या घराची रंगरंगोटी वर्षानुवर्षे संपवू न शकलेला रंगारी. (विधुरांच्या मालिकांतला मदतनीस इथे एका आईलाही अखेर मिळाला!) ज्यांच्याविषयी मूळ भाषण होते, त्यांच्या बाजूने बटाट्यांचा ट्रक कुणी पाठवला नाही.

निवडणूक क्वेल हरले, युक्तिवाद मात्र हरला नाही. एप्रिल १९९३ मध्ये 'द अटलांटिक' मासिकाने डॅन क्वेल बरोबर होते, अशा अर्थाचा मथळा मुखपृष्ठावर छापला. १९९६ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी सही केलेल्या कायद्याने गरीब आयांच्या मदतीचा साठ वर्षांचा हक्क संपवला. आयुष्यात एकूण पाच वर्षे ही केंद्रीय मदतीची मर्यादा ठरली, आणि कायद्याची सुरुवातच विवाह हा यशस्वी समाजाचा पाया आहे या वाक्याने झाली. क्लिंटन यांचे वडील त्यांच्या जन्माआधीच अपघातात गेले होते.

पडद्यावर उलट सैलपणा येत गेला. 'ग्रेस अंडर फायर' (१९९३) मधली ग्रेस दारुड्या, मारकुट्या नवऱ्याला सोडून तेलशुद्धीकरण कारखान्यात काम करते. तिथे वडिलांची गैरहजेरी म्हणजे सुटका. 'फ्रेंड्स' तर तुम्हा सगळ्यांची पाठ आहे. १६ मे २००२ च्या भागात रेचेलने एमाला जन्म दिला. रॉसशी तिचे लग्न त्या वेळी नव्हते. मर्फीच्या बाळंतपणाला बरोबर दहा वर्षे झाली होती, आठवडाही तोच. या वेळी कुणा उपराष्ट्राध्यक्षाने भाषण केले नाही.

आता त्या पहिल्या दृश्याकडे वळू. ९ मे १९९४. विलचे वडील लू यांची भूमिका केली होती बेन व्हेरीन यांनी. मालिका चार वर्षे चालू होती. विलला आईने पश्चिम फिलाडेल्फियातून मावशीकडे पाठवले, एवढे शीर्षकगीतच सांगते. वडिलांचे नाव त्यात नाही. तीस वर्षांत सिटकॉमने बाप युद्धात मारले, अपघातात मारले, गप्प राहून पुसून टाकले, दारापर्यंत आणून परत पाठवले, चळवळीला पाठवले. त्या दिवशी पहिल्यांदा एक कृष्णवर्णीय बाप प्रेक्षकांसमोर आला, हसला, आवडला आणि मग सगळ्यांच्या डोळ्यांदेखत निघून गेला. आणि त्याचा हिशेब मागितला तो आईने नाही, सरकारनेही नाही. मुलाने मागितला. इतके अनोळखी दृश्य खोटे असूच शकत नाही असे लोकांना वाटले असावे, आणि त्यांनी ते नटाच्या आयुष्यात जोडून दिले.

विल स्मिथने २०२१ च्या आत्मचरित्रात वडिलांविषयी विस्ताराने लिहिले आहे. ते घरात होते, कष्टाळू होते, आणि नऊ वर्षांच्या मुलासमोर त्यांनी त्याच्या आईला मारले होते. हजर बापाची ही गोष्ट अफवेत मावत नाही.

त्या दृश्यात आणखी एक नट आहे. विलला छातीशी धरून उभे असलेले फिलकाका, म्हणजे जेम्स एव्हरी. अटलांटिक सिटीत त्यांना त्यांच्या आईने एकटीने वाढवले होते.